कागद आहे, सापडत नाही

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले वालूर अलीकडे बारवेमुळे दूरवर ठाऊक झाले. चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची तिथली जुनी बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली, तिची छायाचित्रे मोबाइलवरून फिरली आणि परगावची मंडळी वाट विचारत येऊ लागली. बारव अशी सापडली. आता याच गावातल्या कुणाला गावाविषयीचा एखादा सरकारी कागद हवा आहे असे धरू: शाळेच्या खोलीचे अंदाजपत्रक, घरकुलांची मंजूर यादी, अतिवृष्टीच्या मदतीचा आदेश, नाही तर रस्त्याच्या कामाची निविदा. संकेतस्थळावरच्या शोधाच्या चौकटीत तो गावाचे नाव लिहायला घेतो आणि तिथेच अडतो. ‘वालूर’ की ‘वालुर’? रोमन लिपीत लिहायचे तर पहिले अक्षर डब्ल्यू की व्ही? तालुका मराठीत सेलू, पण जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत त्याचे स्पेलिंग ‘सैलू’ असे वाचावे लागेल असे. महसुली विभाग २०२३ पर्यंत औरंगाबाद, त्यानंतर छत्रपती संभाजीनगर. शिवाय वालूर हे गावाचे नाव तसेच महसूल मंडळाचेही. म्हणजे निकाल आलाच तर तो एका गावाचा आहे की मंडळातल्या सगळ्या गावांचा, हे फाइल उघडल्याखेरीज कळायचे नाही. तहसीलमधल्या कारकुनापुढे यातला कोणताही उच्चार केला तरी तो बरोबर त्याच गावावर बोट ठेवील. यंत्राला मात्र ही सगळी वेगवेगळी गावे वाटतात, आणि ते ‘माहिती उपलब्ध नाही’ असे सांगून मोकळे होते.

सरकारी संकेतस्थळांवर काही सापडत नाही ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावरचा इलाजही ठरून गेलेला आहे. नवे संकेतस्थळ काढायचे, मुखपृष्ठावर हलणारी चित्रे लावायची, वरच्या कोपऱ्यात भिंगाचे चिन्ह ठेवायचे. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम आखला, त्यात संकेतस्थळ हा एक विषय होता. भारतीय गुणवत्ता परिषदेकडून मूल्यमापन झाले आणि १ मे रोजी निकाल लागले. कार्यालयांना संकेतस्थळाकडे लक्ष द्यावे लागले, हे चांगलेच झाले. परंतु बिघाड मुळात भिंगाच्या आधी झालेला असतो. कागद ज्या क्षणी संकेतस्थळावर चढवला जातो, त्या क्षणीच तो पुढे सापडणार की हरवणार हे ठरते. एका वाक्यात सांगायचे तर कागदी दप्तराला जी शिस्त होती ती संगणकावर येताना वाटेत गळाली, आणि आपण दुरुस्ती भलत्याच जागी करतो आहोत.

ती शिस्त काय होती हे आजच्या तरुण वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. मुंबई इलाख्यात एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याच्या महसुली हिशेबांच्या पुस्तिकेने गावच्या कागदांना नमुन्यांचे क्रमांक पक्के केले. गाव नमुना एक ते एकवीस. सात आणि बारा हे त्यातलेच दोन, आणि सामान्य माणसाच्या बोलीत इतके मुरलेले की ‘सातबारा’ हे आता मालकीचेच दुसरे नाव झाले आहे. (परभणी त्या काळी निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे तिथे ही पद्धत नंतर आली. निजामी दप्तराची तऱ्हा वेगळी होती. तिच्याकडे पुढे वळायचेच आहे.) कार्यालयात आलेला प्रत्येक कागद बारनिशीत चढे, त्याला आवक क्रमांक पडे. प्रकरण संपले की त्याची अ, ब, क किंवा ड अशी प्रतवारी होई. अ म्हणजे कायम जपायचे, ड म्हणजे लवकर नष्ट करायचे. सहा गठ्ठे पद्धतीत प्रलंबित प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडायचे कागद यांचे गठ्ठे निरनिराळे. अभिलेखापालाकडे गावनिहाय सूची असे. जुना फेरफार हवा असला तर गावाचे नाव आणि अंदाजे साल सांगितले की तो गठ्ठा सोडायला हात घालू शके.

हे सोन्याचे दिवस होते असे सुचवण्याचा मुळीच हेतू नाही. गठ्ठा सोडायचा की नाही हे त्या अभिलेखापालाच्या मर्जीवर असे, मर्जीचे दर असत, आणि वाळवी व पावसाळा यांनी सूचीलाही सोडले नाही. संगणकाने ती मर्जी मोडायची होती. पण मर्जी मोडताना सूचीही टाकून दिली. आज एखाद्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर फाइल चढते तेव्हा तिचे नाव काय असते ते पाहावे. ‘स्कॅन शून्य शून्य चार’, ‘न्यू डॉक’, ‘फायनल यादी दोन’. गावाचे नाव नाही, साल नाही, कोणत्या योजनेची यादी ते नाही. असा अनामिक कागद जुन्या अभिलेख कक्षात कुणी आत घेतला नसता.

फाइलच्या आत काय असते हे तर आणखी शिकण्यासारखे आहे. एखादी जाहीर सूचना कार्यालयात तयार कशी होते ते क्रमाने पाहू. ती संगणकावरच टंकित होते. म्हणजे त्या घडीला तिचे प्रत्येक अक्षर यंत्राला वाचता येत असते. मग तिची प्रत छापली जाते. साहेबांची सही होते, गोल शिक्का बसतो, जावक क्रमांक आणि तारीख निळ्या शाईने हाताने भरली जाते. मग तो कागद स्कॅनरवर ठेवला जातो, बहुधा थोडा तिरका, आणि त्याचे जे चित्र निघते ते पीडीएफ म्हणून वर चढते. माणसाला त्यात मजकूर दिसतो. यंत्राला दिसतात नुसते काळे-पांढरे ठिपके. वाचता येणाऱ्या मजकुराचे न वाचता येणारे चित्र करण्यासाठी कागद, शाई, वीज आणि एका कर्मचाऱ्याचा वेळ खर्ची पडलेला असतो. सही आणि शिक्का हवेत, हे मान्य. त्याच सूचनेची मूळ टंकित फाइल शेजारी ठेवायला मात्र कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. ती ठेवली जात नाही, कारण ठेवायला कुणी सांगितलेले नाही.

जिथे मजकूर खरोखर मजकूर म्हणून चढतो तिथे मराठीचे स्वतःचे प्रश्न सुरू होतात, आणि संकेतस्थळे बांधणाऱ्या मंडळींनी ते बहुतेक वेळा लक्षातच घेतलेले नसतात. इंग्रजी शब्द वाक्यात फारसा रूप बदलत नाही, तेव्हा इंग्रजीपुरत्या बांधलेल्या शोधाला अक्षरांची तंतोतंत जुळणी पुरते. मराठी शब्दाला विभक्ती लागते आणि तो आतून बदलतो. शेतकरी शोधतो ‘विहीर’. शासनाच्या कागदात असते ‘विहिरीसाठी’, ‘विहिरींच्या’. दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व झाली की अक्षरे जुळत नाहीत, आणि रोजगार हमीतून सिंचन विहिरीला अनुदान देणारा शासन निर्णय त्या चौकटीपुरता नाहीसा होतो. पाणी-पाण्याचे, रस्ता-रस्त्याचे, दाखला-दाखल्यासाठी, सगळीकडे हीच गत. त्यात लेखनाची विविधता. ‘योजनेंतर्गत’, ‘योजनेअंतर्गत’, ‘योजने अंतर्गत’ अशी तिन्ही रूपे सरकारी मथळ्यांत सुखाने नांदतात. चूक सुधारण्यासाठी जो कागद निघतो त्याचे नाव ‘शुद्धिपत्रक’; तेही ‘शुद्धीपत्रक’ आणि ‘शुध्दीपत्रक’ अशा रूपांत निघते. गट क्रमांक कुठे देवनागरी अंकांत, कुठे इंग्रजी अंकांत. आणि एक फरक तर डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या; मराठी शासनव्यवहारात याहून अधिक वापरला जाणारा शब्द शोधावा लागेल. त्यातला आडवा रफार युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, दुसरी साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. युनिकोड रुळण्याआधीच्या काळातले कागद तर युनिकोडच्या बाहेरच्या फाँटमध्ये टंकलेले. फाँट काढून घेतला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा कालवा उरतो.

या सगळ्यावर तोडगे आहेत आणि ते जुने आहेत. शोधण्यापूर्वी दोन्ही बाजूंची अक्षरे एका साच्यात आणणे, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक शोधापुरता सोडून देणे, प्रत्यय छाटणे, अंक एकाच लिपीत बदलून घेणे. होतकरू विद्यार्थी प्रकल्प म्हणून करतील असली ही कामे आहेत. चित्रातून मजकूर काढणारे टेसरॅक्टसारखे फुकट उपलब्ध असलेले साधनही मराठी वाचते. ते चुका करते, पण शोधापुरती शंभर टक्के अचूकता लागतच नाही. पानावर वीसदा आलेला शब्द पंधरा वेळा बरोबर वाचला गेला तरी पान सापडते.

शब्दांची दुसरी अडचण मात्र यंत्राने सुटणारी नाही. लोक एक शब्द वापरतात, कार्यालय दुसरा. लोक म्हणतात जीआर, कागदावर असतो शासन निर्णय. लोक म्हणतात डोमिसाईल, कागदावर ‘वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र’. जमीन एनए करायची असते, कागदावर ती अकृषिक होते. रोजगार हमीचे ‘रोहयो’, त्यापुढे ‘मग्रारोहयो’, तेही कधी टिंबांसह तर कधी टिंबांवाचून. ग्रामपंचायतीतला घराचा उतारा लोकांच्या तोंडी ‘आठ नंबर’, आणि महसुलातला खातेउतारा ‘आठ-अ’. शोधाच्या चौकटीत या दोघांची हमखास गल्लत होते. त्यात सरकार नावे बदलते. २०२४ मध्ये तलाठी हे पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आणि ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’. नावे बदलण्याला हरकत नाही, पण त्या दिवसापासून ‘तलाठी’ शोधणाऱ्याला नवे कागद दिसणार नाहीत आणि नवे नाव शोधणाऱ्याला जुने. परभणीपुरते आणखी एक: हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचा औंढ्याचा किंवा वसमतचा कागद परभणीच्या नावावर आहे. अशा जोडनावांची यादी जिल्ह्यात एकाने नेटाने बसून केली तर अडचण पुष्कळ हलकी होईल. ती यादी करायला सर्वांत लायक माणूस मंत्रालयात सापडणार नाही. तो सेलूच्या तहसील कचेरीबाहेर सेवा केंद्राच्या खुर्चीत बसलेला आहे, कारण लोकांचा शब्द ऐकून सरकारचा शब्द टंकणे हाच त्याचा दिवसभराचा धंदा आहे.

मराठवाड्यात या प्रश्नाला २०२३ पासून वेगळीच धार आली. ७ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निजामकालीन व त्यानंतरच्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे बाहेर आली. कित्येक कागद उर्दूत, कित्येक मोडीत. सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. त्यानंतर २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर हा इथला विषय नाही. शोधाच्या दृष्टीने मात्र हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा धडा आहे: हजारो कुटुंबांना एकाच वेळी एकच गोष्ट हवी होती, सरकारी कागदात आपल्या पणजोबाचे नाव. आणि कागद समोर असून ते नाव शोधण्याची सोय जवळपास नव्हती. गावाची पीडीएफ उघडायची आणि पानामागून पान डोळ्यांनी चाळायचे, एवढाच मार्ग.

चौकट असती तरी भागले असते का, हाही प्रश्नच आहे. आपले नाव-शोध पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव अशा तीन खणांत मांडलेले असतात. महाभूलेखवर सातबारा नावाने शोधतानाही हेच खण पुढे येतात. जुन्या नोंदीत आडनावच नसते. ‘रामा वल्द गणू’ एवढेच असते, म्हणजे गणूचा मुलगा रामा. तोच पुढच्या रजिस्टरात रामजी होतो, शाळेच्या दाखल्यावर रामराव. मोडीतून नागरीत आणताना ऱ्हस्व-दीर्घ लिप्यंतर करणाऱ्याच्या सवयीवर जाते, आणि उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुतांशी लिहिलेच जात नाहीत. सालही फसली, त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येते, म्हणजे फसली १३५० ही १९४०-४१ च्या आसपासची नोंद. ‘दिनांक पासून, दिनांक पर्यंत’ असे दोन खण असलेल्या चौकटीला यातले काही कळत नाही. अमेरिकेत याच जातीची अडचण १९३०च्या दशकात उभी राहिली होती. सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन सुरू झाले आणि जन्मदाखले नसलेल्या म्हाताऱ्यांना वयाचा पुरावा म्हणून १८८० च्या जनगणनेत आपले नाव दाखवावे लागले. नावांची स्पेलिंगे वाटेल तशी लिहिलेली. तेव्हा रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये पेटंट घेतलेली साउंडेक्स ही पद्धत उपयोगी आली. नाव जसे लिहिले तसे न बघता ते कसे उच्चारले जाते यावरून त्याला एक अक्षर व तीन अंकांचा संकेत द्यायचा आणि कार्डे त्या क्रमाने लावायची. मंदीच्या काळात सरकारी कामावर घेतलेल्या बेकारांनी ती कार्डे हाताने लिहिली. तीही ज्या घरांत दहा वर्षांपर्यंतची मुले होती तेवढ्यांचीच, कारण निवृत्तिवेतनाच्या वयाला पोचले होते ते त्या मुलांतूनच. संगणक नव्हता. आधी विचार केला गेला होता की विचारणारा कोण आहे आणि त्याच्या हाती काय आहे.

आपल्याकडे हे जमत नाही असेही नाही. राज्याच्या शासन निर्णयांचे संकेतस्थळ घ्या. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक सांकेतांक असतो, अंकीय सही असते, आणि विभाग, तारीख, मथळ्यातला शब्द किंवा तो सांकेतांक यांवरून निर्णय शोधता येतो. पत्रात कुणी सांकेतांक दिला की कागद मिनिटात हाती येतो. लाखो शिक्षक, ग्रामसेवक आणि वकील यावर विसंबून काम करतात. त्याची मर्यादाही उघड आहे. शोध मथळ्यापुरता, आणि मथळा कसा, तर तीन ओळींचा आणि ‘बाबत’ने संपणारा. तरीही एक गोष्ट तिथे सिद्ध झाली: ओळख क्रमांक दिल्याशिवाय कागद बाहेर पडूच द्यायचा नाही असा नियम केला, तर हीच यंत्रणा तो वर्षानुवर्षे पाळते. जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायतीच्या पातळीवर तो नियम उतरलेला नाही, इतकेच. गावांना क्रमांक आहेत. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत देशातल्या प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे, आणि २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेले ई-ग्रामस्वराज त्यावरच चालते. वालूरचा कागद चढवताना हा संकेतांक जोडला, तर स्पेलिंग कोणतेही असो, गाव एकच राहील. आणि मग ग्रामपंचायत, पंचायत समिती, तहसील, बांधकाम विभाग यांच्याकडचे वालूरचे सगळे कागद एका पानावर येऊ शकतील. आज नागरिकाला आधी ठरवावे लागते की रस्ता कोणाचा, ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामचा. बहुतेकदा त्याला कागद हवा असतो तो नेमके हेच समजून घ्यायला.

कायद्याचे पाठबळ शोधायला दूर जावे लागत नाही. माहिती अधिकार कायद्यातले कलम चार म्हटले की सगळ्यांना सतरा मुद्द्यांची स्वयंप्रेरणेने द्यायची माहिती आठवते. ते कलम ४(१)(ख). त्याच्या आधी (क) आहे, आणि त्यात सर्व अभिलेखांची रीतसर सूची व अनुक्रमणिका करून ठेवावी आणि ते साधनांच्या मर्यादेत संगणकावर आणून जाळ्याने जोडावेत असे म्हटले आहे. कायदा २००५ चा. वीस वर्षांत (ख)चे तक्ते भिंतींवर आणि संकेतस्थळांवर लागले. (क)ची आठवण कुणी क्वचितच काढतो. अपिलात माणूस भांडतो तो ‘माहिती दिली नाही’ म्हणून. ‘सूची केली नाही’ म्हणून भांडणारा विरळाच. सूची नसल्यामुळे जे अर्ज करावे लागतात त्यांचा भार पुन्हा त्याच कार्यालयावर पडतो, हे हिशेबात धरले जात नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला असा की लोक सरकारी संकेतस्थळावर शोधतच नाहीत, गुगलवर शोधतात. मग ही उठाठेव कशाला? लोक गुगलवर जातात हे खरे. पण जिल्हा, तालुका, गाव अशा खाली उघडणाऱ्या याद्यांच्या आणि आकडे ओळखून भरायच्या चौकटीच्या पलीकडे जे असते ते गुगललाही दिसत नाही, आणि चित्रातला मराठी मजकूर त्याला धड वाचता येत नाही. परिणाम असा की योजनेचे नाव टाकले की वर येतात खासगी माहितीपर पाने, जाहिरातींनी भरलेली, कधी जुनी तर कधी सरळ चुकीची. मूळ आदेश तळाशी किंवा कुठेच नाही. हीच गोष्ट गप्पा मारणाऱ्या नव्या यंत्रांची. व्हॉट्सॲपवरून सरकारी सेवा देण्याचा करार राज्याने २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केला. चांगले आहे, पण उत्तर देणाऱ्या यंत्रालाही कागद वाचता यावा लागतो. तो वाचता आला नाही तर ते गप्प बसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे आत्मविश्वासाने काहीतरी ठोकून देईल.

दुसरा आक्षेप गावाकडून येतो. खेड्यातला माणूस स्वतः काही शोधत नाही, तो सेवा केंद्रात जातो, पूर्वी संग्राम केंद्रात जायचा, आता आपले सरकार सेवा केंद्रात. अगदी बरोबर. मग वापरणारा म्हणून त्या केंद्रचालकाला धरा. त्याला जो कागद अर्ध्या मिनिटात मिळायला हवा तो अर्ध्या तासात मिळतो, आणि त्या अर्ध्या तासाची किंमत समोरचा म्हातारा मोजतो, पैशात किंवा चुकलेल्या एसटीत. शिवाय जिथे शोध अवघड तिथे वाट ठाऊक असणाऱ्याचे महत्त्व वाढते. अभिलेखापालाची जुनी मर्जी मोडायला संगणक आणला होता. ती मर्जी कचेरीच्या आतून बाहेर येऊन बसली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. सगळे शोधता येऊ लागले तर कुणाच्या घरात काय हेही शोधता येईल. लाभार्थ्यांच्या याद्यांत नावाशेजारी खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक असतात; चित्राच्या अवघडपणामुळेच ते आजवर थोडेबहुत झाकलेले राहिले. शोध नाकारणे हाही कधीकधी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. मतदार याद्या निवडणूक आयोग चित्ररूपात देतो, आणि त्या शोधता येण्याजोग्या मजकुरात द्याव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली नाही. खासगीपण हे आयोगाचे म्हणणे होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ)मध्येच बदल केला. या भीतीत तथ्य आहे, परंतु तिचा निष्कर्ष वेगळा निघतो. जे झाकायचे ते नीट झाका. खाते क्रमांक मुळात चढवूच नका. कागद तिरका स्कॅन झाला म्हणून गुप्तता राखली गेली, असे म्हणता येत नाही. ज्याला गैरवापर करायचा आहे तो चित्रातून मजकूर काढतोच, अडतो तो फक्त सामान्य माणूस. रेषा अशी आखता येते: निर्णय, ठराव, अंदाजपत्रके, निविदा, देयके, कामांच्या याद्या म्हणजे सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक अधिकार, त्यांचा शब्दन्‌शब्द शोधता यावा. व्यक्तीच्या नोंदी ज्याच्या त्याला, ओळख पटवून, एकेक करून शोधता याव्यात, सगळी यादी एका दमात उतरवून घेता येऊ नये. कुणबी नोंदी या रेषेवर अडचणीच्या जागी बसतात, कारण तिथे पूर्वजाचे नाव आणि जात हीच माहिती. तिथे गावागणिक शोध खुला आणि पूर्ण यादी बंद, असा मधला मार्ग मला बरा वाटतो.

राहिला पैशाचा आणि माणसांचा आक्षेप. एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे गावाची पाणीपट्टी, ग्रामसभा, घरकुले, आराखडा, जन्म-मृत्यू नोंद, आणि वर जिल्ह्याहून रोज एक ‘तातडीचे’ पत्र. त्याला आणखी एक काम लावायचे का? जुने कागद त्याने मजकुरात आणावेत अशी मागणी कुणी केली तर ती अन्याय्यच ठरेल. आजपासून चढणाऱ्या कागदापुरते पाहिले तर काम वाढत नाही, बदलते. फाइल चढवण्याच्या पानावर चार खण सक्तीचे करायचे: गावाचा संकेतांक, कागदाचा प्रकार, तारीख, आणि लोकांच्या भाषेत एका ओळीचा मथळा. ते भरल्याशिवाय फाइल जाणारच नाही. टंकित मूळ प्रत असेल तर तीही सोबत. संकेतस्थळाचा साचा जिल्हाभर एकच असेल तर हा बदल एका जागी करून पुरतो. जुन्या कागदांचे काम वेगळे, ते जिल्ह्याने निधी लावून करावे, आणि आधी जे लोक मागतात ते घ्यावे.

लोक काय मागतात हे कळण्याची सोय संकेतस्थळात असतेच. ती कुणी उघडून पाहत नाही. प्रत्येक शोधाची नोंद यंत्र ठेवू शकते, आणि त्यातली सर्वांत मोलाची म्हणजे ज्या शोधांना एकही निकाल मिळाला नाही त्यांची. ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ मध्ये आपली विखुरलेली सरकारी पाने एका संकेतस्थळाखाली आणली तेव्हा लोक कोणत्या शब्दांनी शोधतात यावर मजकूर बेतण्याची शिस्त लावून घेतली. खात्याच्या रचनेपेक्षा विचारणाऱ्याच्या गरजेला मान दिला. परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि जिल्हा परिषदेला एवढी एकच यादी दरमहा काढता आली, निकाल न मिळालेल्या पहिल्या पन्नास शब्दांची, नावे वगळून, तर महिन्याच्या समन्वय बैठकीत चर्चेला विषय मिळेल. त्यात ‘विहीर’ असेल, ‘डोमिसाईल’ असेल, ‘आठ नंबर’ असेल, आणि पाऊस जास्त झालेल्या महिन्यात वालूर, कुपटा, देऊळगाव अशी मंडळांची नावे एकापाठोपाठ येतील, कारण अतिवृष्टीच्या मदतीची यादी कुठल्या मंडळाची लागली हे त्या दिवसांत जो तो विचारत असतो. शब्द कोरा गेला याचे कारण काय, कागदच नाही, की आहे पण चित्र आहे, की दुसऱ्या नावाने आहे, हे प्रत्येक शब्दासमोर संबंधित शाखेने लिहायचे. केंद्राच्या कार्मिक विभागाने २०१३ मध्येच स्वयंप्रेरणेने प्रसिद्ध केलेल्या माहितीचे त्रयस्थ परीक्षण करायला सांगितले आहे. त्या परीक्षणाच्या नमुन्यात माहिती ‘प्रसिद्ध केली: होय/नाही’ असा रकाना असतोच. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखायचा: गावातल्या माणसाचा शब्द टाकून शोधल्यावर सापडली का, आणि कितव्या निकालात.